खाडीतले खांब: शिडाच्या बोटीतून पाहिलेलं चौल

आजचा भाग मला मित्राच्या शिडाच्या बोटीवर सुचला. खरं सांगायचं तर घाबरल्यावर सुचला.

जानेवारीत आम्ही मांडव्याहून रेवदंड्याला निघालो. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना? त्यांचा मार्कांपलीकडे उपयोग असतो हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारी वायव्येकडून खारा वारा. इंजिन बंद, बोट सुसाट दक्षिणेला.

संध्याकाळी कुंडलिकेच्या मुखाशी पोचलो. डावीकडे रेवदंडा, उजवीकडे कोर्लईचा डोंगर. मी म्हटलं, चला आत. तांडेल काका म्हणाले, "भरती चढू दे. आणि ते खांब दिसतात का?" पाण्यातून मासेमारीचे खांब वर आले होते, जाळी बांधायला रोवलेले. वाहत्या पाण्यात बोट त्यांच्यावर गेली की अडकलीच.

आणि मला १५०८ आठवलं.

तेव्हा चौल निजामशाहीचं मोठं बंदर होतं. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो, कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत म्हणून इथे आला होता. मार्च महिना. समुद्रात जहाजं दिसली, तेव्हा पोर्तुगीजांना वाटलं आपलीच आहेत! ते निघालं इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार, अमीर हुसेनचं. मागून दीवचा सुभेदार मलिक अयाझही येऊन मिळाला. शेवटी पोर्तुगीज ओहोटीबरोबर निसटायला निघाले. लोरेन्सोच्या जहाजात पाणी शिरलेलं, ते वाहत गेलं आणि मासेमारीच्या खांबांत अडकलं. दुसरं जहाज ओढत होतं, तेही जमलं नाही. मांडीला गोळा लागला तरी तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला, असं पोर्तुगीज लिहितात. तिथेच मेला.

बाप पेटला. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर त्यानं हे सगळं एकत्रित आरमार मोडलं, आणि अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा दरारा बसला. १५२१ मध्ये त्यांनी इथेच, रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला.

मी अलिबाग-रेवदंडा रस्त्यानं कितीदा गेलोय! रस्ता किल्ल्याच्या तटातूनच जातो. गाडीतून ती फक्त पडकी भिंत वाटते, चहाला थांबायची जागा. समुद्रातून पाहिलं की कळतं, गावाचं तोंड इकडे आहे, आपण कायम मागच्या दारानं आलो. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास विकायचा घोडा घेऊन होर्मुझकडून इथेच उतरला होता. तोही या पुढच्या दारानं. नंतर खाडीत गाळ साचत गेला, मुंबई वाढली, आणि चौलच्या वाट्याला नारळ-सुपारीच्या वाड्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र खटकते. अल्मेडा, हुसेन, अयाझ, सगळ्यांची नावं मिळतात. व्हाइसरॉयच्या मुलाचं जहाज ज्या खांबांनी धरून ठेवलं, ते रोवणाऱ्यांचं एकही नाव मी वाचलेल्या पुस्तकांत नाही.

सकाळी भरतीला आत शिरलो. एक होडी खांबाला बांधलेली, दोघं जाळं ओढत होते. काकांनी ओरडून विचारलं, "पाणी किती?" त्यांनी हातानंच डावीकडून या म्हणून खूण केली. आम्ही डावीकडून गेलो.

भेटू पुढच्या भागात!