गोव्यातील पॅरिश शाळा : स्मरणाच्या दोन लिप्या

गोव्यातील कॅथलिक प्राथमिक शाळेचा इतिहास शिक्षणखात्याच्या दप्तराइतकाच चर्चच्या गायनकक्षातही शोधावा लागतो. पोर्तुगीज काळातील पॅरिश शाळेत ‘मेस्त’ हा शिक्षकही असे आणि गायकवृंदाचा प्रमुखही. अक्षरओळख, धर्मशिकवण आणि स्वरलेखन मूल त्याच्याकडूनच शिके. गावच्या फेस्ताला व लदिनाला लागणारे आवाज तेथेच घडत. शाळेचे वाचन आणि गावाचे गायन यांत त्या काळी लिपीचे अंतर नव्हते.

हे अंतर पुढे पडले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला मान्यता दिली. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाशी जोडले गेले, तेव्हा धर्मप्रांताच्या अनेक शाळा इंग्रजीकडून कोकणीकडे वळल्या. परिणामी मूल फळ्यावर देवनागरी वाचू लागले, पण रविवारी हाती येणारे ‘गायनांचो झेलो’ हे स्तोत्रपुस्तक रोमी लिपीतच राहिले. (बंगळूरला स्थायिक झालेले मंगळुरी कॅथलिक हीच भाषा परंपरेने कन्नड लिपीत लिहितात.)

२०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि मोठे आंदोलन उभे राहिले. त्या वादात माध्यमाची चर्चा पुष्कळ झाली. प्राथमिक वर्गातील मुलाला आपले स्तोत्र वाचता येते का, हा प्रश्न मात्र माझ्या मते उपेक्षितच राहिला. डिसेंबरात ही दुविधा ठळक होते : ३ तारखेला संत झेवियरचे फेस्त, १९ ला मुक्तिदिन. एका दिवसाचे गीत रोमीत असते, दुसऱ्याचे भाषण देवनागरीत.