पहिले आरमार: अंतराळयुद्धाच्या पटावरील गुराब आणि गलबत

टेबलावर लहान जहाजे मांडून खेळायच्या अंतराळयुद्धात नवा खेळाडू पहिला प्रश्न विचारतो तो हा, की सुरुवातीला कोणती जहाजे घेऊ? उत्तर बहुधा डोळेच देऊन टाकतात. दुकानात किंवा चित्रात सर्वांत मोठे, सर्वांत जास्त तोफांचे जहाज दिसते आणि सगळे पैसे त्यावर जातात. माझ्या मते पहिल्या आरमाराची याहून वाईट निवड नाही. हे मत आवडीनिवडीचे नाही, ते हिशेबाने सिद्ध करता येते. आणि वसई-विरारच्या माणसाला त्या हिशेबाचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही, तो त्याच्या खाडीतच आहे.

1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढच्या दोन वर्षांत तिथे जहाजे बांधली जाऊ लागली. रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला याचा सुगावा लागला, त्याने व्हियेगस आणि त्याच्या लोकांना फितवले आणि ते काम सोडून गेले. नकाशा पाहिला की कप्तानाची धास्ती समजते. उल्हास नदी ठाण्याच्या वर दुभंगते. एक वाट ठाण्याच्या खाडीने मुंबईकडे उतरते, दुसरी घोडबंदर आणि पाणजू बेटाला वळसा घालून वसईच्या किल्ल्याखालून समुद्राला मिळते. दोन्ही वाटांवर पोर्तुगीज बसलेले. म्हणजे हे आरमार कुठल्या पाण्यात फिरणार, ते जहाज बांधण्याआधीच ठरलेले होते. अरुंद, भरती-ओहोटीचे, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यातले पाणी. पहिल्या आरमाराचा पहिला नियम इथेच मिळतो: आधी पट पाहा, मग जहाज निवडा.

दुसरा नियम लिखित आहे. 1715च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात एका सुभ्याला, म्हणजे आरमाराच्या एका तुकडीला, पाच गुराबा आणि पंधरा गलबते असे प्रमाण दिले आहे. गुराबा मध्यम बांधाव्यात, फार थोर नकोत आणि लहानही नकोत. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी प्रचंड जहाजे बांधूच नयेत, असेही त्यात बजावले आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने याच जहाजांचे वर्णन केले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, नाळेवरून थेट पुढे मारणाऱ्या दोन जड तोफा असलेली. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत आणि खिळून राहिलेल्या मोठ्या जहाजाच्या पाठीमागे आणून सोडत.

अंतराळात वारा नाही, हे खरे. पण तिथे जडत्व आहे, आणि पटावर तेच वाऱ्याचे काम करते. उदाहरणासाठी मी 'फुल थ्रस्ट' हा खेळ घेतो. जॉन टफली यांचे हे नियम ग्राउंड झिरो गेम्सने प्रसिद्ध केले आणि आता ते विनामूल्य उतरवून घेता येतात. यात दिशा घड्याळाच्या बारा आकड्यांसारख्या आहेत आणि जहाजाला इंजिनाच्या निम्म्या ताकदीइतकेच आकडे एका फेरीत वळता येते. थ्रस्ट, म्हणजे इंजिनाची ताकद, 2 असलेले अवजड जहाज फेरीला एक आकडा वळते. वेग 12 इंच असेल तर पूर्ण वर्तुळाला बारा फेऱ्या आणि 144 इंच लागतात, म्हणजे वर्तुळाचा व्यास सुमारे 46 इंच. आपले टेबल सहा फूट बाय चार फूट, म्हणजे 72 बाय 48 इंच. जहाज एकदा वळायला लागले की टेबल संपले! थ्रस्ट 4च्या जहाजाला हेच वर्तुळ 23 इंचांत बसते, थ्रस्ट 6च्या जहाजाला 15 इंचांत. वेग निम्मा केला तर वर्तुळही निम्मे होते, पण मग ते जहाज पटावरच्या कुठल्याच कामाला वेळेवर पोहोचत नाही. वसईच्या खाडीत थोर गलियन अडकावे तसे ते अडकते.

आता उलट बाजूचा हिशेब, कारण तो लपवणे बरोबर नाही. समजा मोठ्या जहाजाला 24 चौकोनांचे कवच आणि दर फेरीला माऱ्याचे सहा फासे आहेत. समोर तीन लहान जहाजे, प्रत्येकाला आठ चौकोन आणि दोन फासे. एकूण ताकद समान. फाशावर चार-पाच पडले तर एक चौकोन जातो, सहाला दोन. म्हणजे सरासरी प्रत्येक फाशाला दोन-तृतीयांश. (सहा पडल्यावर पुन्हा टाकायचा नियम आणि कवचाची ओळ संपली की यंत्रणा निकामी होण्याचा नियम दोन्ही बाजूंना लागतात, म्हणून इथे बाजूला ठेवतो.) दोन फेऱ्यांत मोठे जहाज एक लहान जहाज बुडवते आणि स्वतःचे आठ चौकोन गमावते. पुढच्या दोन फेऱ्यांत दुसरे, आणि लहानांचा मारा तेवढ्याने घटत जातो. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही लहान जहाजे नाहीशी, मोठे मात्र आठ चौकोन राखून उभे. समोरासमोर उभे राहून मारामारी केली तर मोठेच जिंकते.

पण गलबताने समोर उभे राहायचेच नसते. या खेळात मुख्य इंजिन चालवले त्या फेरीत मागच्या बाजूला मारा करता येत नाही. वळायला मुख्य इंजिन लागते. तेव्हा दोन लहान जहाजे शेपटीला चिकटली की मोठ्यासमोर पेच उभा राहतो: वळायचे, की न वळता मागे मारायचे? समोरचे एकटे लहान जहाज दोन फेऱ्यांत बुडाले असे धरा. मोठ्याचे 16 चौकोन उरले. मागचे दोघे मिळून फेरीला सरासरी दोन पूर्णांक दोन-तृतीयांश चौकोन खातात. सहा फेऱ्या तिथे टिकले तर मोठे जहाज संपते. वारा पडल्यावर गलबते हेच करत.

यावरून प्रमाण एकास तीन घ्यावे, संख्या मात्र जशीच्या तशी घेऊ नये. आरमाराच्या सुभ्यात वीस जहाजांना वीस तांडेल होते. इथे सगळ्यांचे हुकूम एकट्याला, दर फेरीला, आधी लिहून ठेवायचे असतात. नवशिक्याने वीस जहाजे मांडली तर एक डाव रात्रभर चालेल. दोन गुराबा आणि सहा गलबते, एवढे पुरे. गुराब म्हणजे थ्रस्ट 4चे मध्यम क्रूझर, 24 इंचांपर्यंत पोहोचणाऱ्या बीम तोफा पुढच्या बाजूला. गलबत म्हणजे थ्रस्ट 6चे लहान जहाज, 12 इंचांचीच तोफ, पण शेपटी गाठणारे. गलबतांचे तीन-तीनचे दोन गट करा आणि प्रत्येक गट एका गुराबेला बांधा. विमानवाहू जहाज, क्षेपणास्त्रांचे खास जहाज, हे सगळे पुढच्या वर्षाचे. खास हत्यार खेळाडूला एकच युक्ती शिकवते आणि ती फसली की तो हताश होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

रंगकामाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या हवेची आहे. जुलैत विरारमध्ये मी सहा गलबतांवर मॅट वार्निशचा फवारा मारला. सकाळी पाहिले तर गडद निळ्या कवचावर पांढरट साय धरलेली, जणू राख भुरभुरली होती. दमट हवेत फवारा नको. ब्रशने पातळ थर द्या किंवा दसऱ्यापर्यंत थांबा. आरमारही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून छावणीला ठेवत, आणि अर्नाळ्याचे कोळी आजही तेच करतात.

एक विनंती आहे. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचे आठ तुकडे कापा, दोन लांब, सहा आखूड, आणि प्रत्येकावर नाळेची खूण करा. जेवणाच्या टेबलावर तीन डाव खेळा. मगच पैसे खर्च करा.