मोटस्थळाचा हिशेब

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहनांच्या काळी झालेल्या यज्ञांच्या दक्षिणेचा जो हिशेब, इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण असा, आकड्यांसकट कोरलेला आहे, तो भारतीय अंकलेखनाच्या प्राचीन पुराव्यांपैकी एक म्हणून विद्वानांना सुपरिचित आहे. परंतु त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्ता जेथे घाट चढून आणे पठारावर येतो तेथे, जुन्या विहिरींच्या काठच्या दगडांत दोरांनी घासून घासून पाडलेल्या ज्या खाचा आहेत, त्यांतही एक हिशेब नोंदलेला आहे, आणि तो वाचण्याची आस्था मात्र कोणी फारशी दाखविलेली नाही. हा पाण्याचा, बैलांचा आणि श्रमाचा हिशेब आहे. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पठाराच्या वाट्याला जेमतेम पाऊस येतो. म्हणून रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीच्या महाप्रसादासाठी जेथे माणसे लोटतात त्या आणे गावात पाण्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचे तोंड रुंद, आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती चामडी नळी, जिला सोंडच म्हणत. तोंडाला बांधलेला जाड नाडा वरच्या चाकावरून आणि सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून जाऊन दोन्ही बैलांच्या शिवळेला जोडलेले असत. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यावर, म्हणजे काठच्या दगडी कुंडावर, आडवी पडून पाणी ओती, आणि बैल पाठमोरे मागे सरत वर आले की रिकामी मोट पुन्हा पाण्यात बुडे. मोट वर येत असताना सोंदुराने ताणून धरलेली सोंड तोंडाच्या बरोबरीने उंच राही आणि म्हणूनच पाणी सांडत नसे. सोंदूर सैल पडला की सोंड लोंबे आणि अर्धे पाणी वाटेतच विहिरीत परत जाई. मोटेचे चामडे शिवणे, ठिगळ लावणे हे गावच्या चांभाराचे काम, आणि त्याचे बलुते सुगीला खळ्यावर मिळे. सरकारी दप्तरातही या यंत्राला मान होता: जमाबंदीच्या कागदांत पाटाने भिजणारी जमीन ती पाटस्थळ, मोटेने भिजणारी ती मोटस्थळ, आणि उरलेली सगळी जिरायत. 1883 च्या जमीनसुधारणा-कर्जाच्या कायद्याखाली विहीर खोदण्यास तगाईही मिळे. विहिरीचा मोठेपणा मात्र पूर्वीपासून तिच्यावर किती मोटा चालतात यावरूनच सांगितला जाई.

आता या हिशेबाची दुसरी बाजू, हृदयाची. इंग्लंडातील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीवरील प्रयोग नोंदविला आहे: तिला बांधून, मांडीच्या धमनीत पितळी नळी घालून, तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच चढले. हृदयाच्या श्रमाचे पहिले माप अशा रीतीने उंचीत झाले, म्हणजे आमच्याकडे विहिरीची खोली हातांत किंवा पुरुषांत सांगत असत त्याच जातीचे. उचललेले वजन गुणिले उंची, हे मोटेचे काम. आणि एका ठोक्याला बाहेर फेकलेले रक्त गुणिले त्याच्यापुढील दाब, हे हृदयाचे काम. निरोगी माणसाच्या महाधमनीतील सरासरी दाब पाण्याच्या स्तंभात मांडला तर सुमारे 1.3 मीटर भरतो, आणि दिवसाकाठी हृदय सुमारे 7,200 लिटर रक्त पुढे ढकलते. दीडशे लिटरची मोट दहा मीटर खोल विहिरीतून काढायची असे धरले, तर मुठीएवढ्या त्या स्नायूचे अहोरात्रीचे काम मोटेच्या सहा फेऱ्यांहून थोडेच अधिक होते. ते लहान आहे म्हणून नव्हे, तर त्यात एका दिवसाचीही सुटी नाही म्हणून विस्मय वाटावा.

आता या यंत्राचे दोष. महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप आकसली, तर डाव्या जवनिकेला, म्हणजे महाधमनीत रक्त फेकणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, बाहेरच्या दाबावर आणखी दाब उत्पन्न करावा लागतो. बाहेर 120 मिलिमीटर पाऱ्याचा दाब हवा असेल आणि झडपेतच 60 खर्ची पडत असतील, तर आत 180 लागतात. गंजलेल्या, रुतलेल्या चाकावरून मोट ओढणाऱ्या बैलांची जी स्थिती, तीच ही. बैलाचा खांदा सुजतो, जवनिकेची भिंत जाड होते. झडप गळू लागली, तर स्थिती सैल सोंदुराची: शरीराला 70 मिलिलिटर पोहोचवायचे आणि 50 परत येणार, म्हणून प्रत्येक ठोक्याला 120 फेकावे लागतात आणि पोकळी फुगत जाते. पोकळीची त्रिज्या वाढली की तोच दाब निर्माण करण्यास भिंतीवर अधिक ताण पडतो, हे लाप्लासच्या नियमाने आधीच सांगून ठेवलेले होते.

तिसरा दोष थारोळ्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत विचार करण्याजोगा. मोट पाणी हिसक्याने ओतते, परंतु पाटात ते संथ वाहते, कारण मधले थारोळे ते क्षणभर साठवून अरुंद तोंडाने सोडते. पिकाला दारे धरणाऱ्याला मोटेचा हिसका कळतच नाही. हेल्सने धमन्यांच्या लवचीकपणाची तुलना आगीच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली होती, आणि 1899 साली जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो फ्रँक याने त्याच कल्पनेचे गणित मांडले: महाधमनी ठोक्याबरोबर फुगून रक्त साठवते आणि हृदय विसावा घेत असताना ते पुढे सोडते. वयाने किंवा रोगाने महाधमनी ताठर झाली की थारोळे बुजल्यासारखे होते. सगळे पाणी तत्क्षणी पाटातच लोटायचे, आणि त्याचा हिसका बैलांच्याच मानेवर यायचा.

झडपांचे रोग आमच्याकडे परके नव्हते. बालपणीच्या संधिज्वराने आकसलेल्या झडपा घेऊन दाटीवाटीच्या चाळींत राहणारी माणसे मुंबईच्या रुग्णालयांत येत. 1926 साली सुरू झालेल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला आणि फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मुंबईचेच रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सिद्ध केला, म्हणजे मोटेची उंचीच उतरविण्याचा उपाय जगापुढे ठेवला. झडपेचे भोक किती उरले हे छाती न उघडता सांगणारे सूत्र 1951 साली रिचर्ड गोर्लिन या तरुण डॉक्टराने मांडले, आणि त्यात त्याचा सहकारी होता त्याचा अभियंता पिता. छिद्रातून वाहणाऱ्या पाण्याचा जो नियम कालव्याच्या दारांना लावतात, तोच या बापलेकांनी झडपेला लावला. महाधमनीच्या झडपेच्या भोकाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले की रोग तीव्र समजतात.

तथापि वजन गुणिले उंची या हिशेबात एक उणीव राहते, आणि ती मोटकऱ्याला ठाऊक होती. भरलेली मोट अर्ध्यावर अडकली, बैल धावेवर पाय रोवून उभे राहिले, तर पाणी तसूभरही वर चढत नाही आणि पदार्थविज्ञानाच्या खात्यात काम शून्य पडते. पण बैलांच्या नाकपुड्या फुललेल्या असतात आणि पाठी घामाने भिजलेल्या. 1970 नंतरच्या दशकांत जपानी शास्त्रज्ञ हिरोयुकी सुगा याने दाब आणि आकारमान यांच्या आलेखावर, बाहेर दिलेल्या कामाच्या क्षेत्रफळात स्नायूने नुसत्या ताणात साठविलेल्या ऊर्जेचे क्षेत्रफळही मिळविले, आणि हृदयाचा प्राणवायूचा खर्च या एकूण बेरजेशी जुळतो असे दाखविले. गळक्या झडपेचा रोगी पुष्कळदा वर्षानुवर्षे चालता-बोलता राहतो, आणि आकसलेल्या झडपेच्या रोग्याला एकदा छातीत दुखणे, घेरी येणे किंवा धाप लागणे सुरू झाले की शस्त्रक्रियेवाचून थोडीच वर्षे मिळतात, यामागे जी कारणे आहेत त्यांत हेही एक आहे: आकारमानापेक्षा दाब महाग पडतो.

मोटा आता पठारावर राहिल्या नाहीत. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून 1946 नंतर तेल-इंजिने येऊ लागली, मग विजेचे पंप आले. चामडी मोटा अडगळीत गेल्या, चाकांची लाकडे चुलीत गेली आणि धावांवर बाभळी उगवल्या. काठचे थारोळे मात्र दगडी असल्यामुळे कित्येक विहिरींवर अजून जागेवर आहे, आणि त्याच्या अरुंद तोंडाशी, पाणी पाटात उतरे तेथे, दगड हाताला गुळगुळीत लागतो.