टोल नसलेला रस्ता

बुधवारी माहीम स्टेशनवर उतरलात तर वाट विचारावी लागत नाही. गर्दीच सेंट मायकल चर्चपर्यंत नेऊन सोडते. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते आणि तिला येणाऱ्यांत ख्रिस्तींबरोबर हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. बाहेर विक्रेत्यांकडे मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात : घर हवं असेल त्याला मेणाचं घर, मूल हवं असेल त्याला मेणाचं बाळ, गुडघा दुखत असेल त्याला मेणाचा पाय. पोरगा गर्दच्या नादी लागलेल्या आईने यातलं काय उचलायचं? हात चोरी करतो, पाय अड्ड्यावर जातात, डोळे खोटं बोलतात. नेमका कोणता अवयव दुखतो, हेच तिला सांगता येत नाही. शेवटी अख्ख्या माणसाचाच पुतळा घ्यावा लागतो.

त्या अख्ख्या माणसाकडे बघायला आपली शुश्रूषेची यंत्रणा कशी शिकली, त्याची ही वाटचाल आहे. तिचा एक मोठा टप्पा माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्र्यात सुरू झाला. तिकडे जायला कॉजवे ओलांडायचा. हा कॉजवे १८४५ साली खुला झाला. त्याआधी खाडी नावेतून पार करावी लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी या रस्त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट एकच घातली : इथे कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. ही अट लक्षात ठेवू. पुढे तिचं काम पडणार आहे.

चर्चच्या आवारातली सुरुवात

वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. ते स्वतः दारूच्या विळख्यात सापडून बाहेर आलेले होते आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. धर्मगुरूने 'मी दारुडा होतो' असं चारचौघांत म्हणणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण संस्थेचा पाया त्याच वाक्यावर उभा राहिला. व्यसनी माणसाला उपदेश करणारे घरोघरी असतात. 'माझंही असंच झालं होतं' म्हणणारा मात्र त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत असतो.

मराठी वाचकाला या क्षेत्रातलं ओळखीचं नाव म्हणजे पुण्याचं 'मुक्तांगण'. अनिल अवचट यांचं 'गर्द'वरचं लेखन, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा अवचट यांनी उभं केलेलं केंद्र ही हकिकत आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. 'कृपा' त्याहून पाच वर्षांनी जुनी, पण मराठीत तिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही.

'कृपा'ने दोन गोष्टींची सांगड घातली. एक, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या. त्यांतली पहिली म्हणजे 'हे माझ्या हातात राहिलेलं नाही' याची कबुली. दुसरी, बी. के. एस. अय्यंगार यांचा योग. अय्यंगार पुण्याहून मुंबईत वर्ग घ्यायला येत असत आणि फादर जो त्यांचे शिष्य. स्वतः अय्यंगारांचं बालपण आजारांत गेलं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांचा जन्म झाला, पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय. त्यामुळे केवळ धडधाकट माणसासाठीचा योग त्यांनी शिकवला नाही. लोड, विटा, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या यांच्या आधाराने दुबळ्या शरीरालाही आसनात थांबता येईल, अशी रीत त्यांनी बसवली.

गर्द सोडणाऱ्याला हा आधार का लागतो, ते 'टर्की' पाहिल्यावर कळतं. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागतं. अंगावर काटा येतो, हाडं मोडून येतात, उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग आठवडाभरात हे ओसरतं. शरीर असं सुटतं, मन मात्र सुटलेलं नसतं. झोप नाही, जीव लागत नाही. अशा वेळी पाठीखाली लोड घेऊन सुप्त बद्धकोणासनात निजायचं, छाती उघडी ठेवायची आणि श्वास मोजायचा. नशेवाचून शरीर शांत होऊ शकतं, हे त्याला कित्येक वर्षांनी पहिल्यांदा कळतं.

पन्नीपासून सुईपर्यंत

१९८० च्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, आली तेव्हा पोरं ती पन्नीवर टाकून, खालून काडी लावून धूर ओढत. रेल्वेच्या रुळांच्या कडेला, पुलांखाली, वापरात नसलेल्या इमारतींत हे चाले. 'गर्दुल्ला' हा शब्द त्याच काळात मुंबईच्या तोंडी बसला. मग काही जण सुईकडे वळले. हिशेब क्रूर होता : धुरात माल वाया जातो, शिरेत थोडक्यात काम भागतं. सुई मात्र एकच आणि ती चौघांत फिरायची.

तिकडे मणिपुरात हेच भयानक वेगाने घडलं. म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉइन शिरेत घेणाऱ्यांमध्ये १९९० च्या सुमारास एचआयव्ही वणव्यासारखा पसरला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली ती १९८६ साली, डॉ. सुनीती सॉलोमन यांनी चेन्नईत केलेल्या तपासण्यांतून. 'कृपा'चं काम पुढे ईशान्य भारतातही पोचलं आणि व्यसनमुक्तीच्या जोडीला एचआयव्हीचं काम आपोआपच आलं. ज्याने सुई सोडली, त्याच्या रक्तात सुईची खूण राहिलेली असे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीही फादर जो यांनी अय्यंगार योगाचा आधार वापरला. आसनांनी विषाणू जात नाही. पण निदान कळल्यावर जे कोसळणं असतं, त्यात शरीर पुन्हा आपलं वाटू लागतं. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आधी जगवा

इथेच तो टोलचा प्रश्न आला. व्यसनमुक्तीची जुनी रीत सांगे : आधी सोड, मग आत ये. जो सोडू शकत नाही, रोज घसरतो, ज्याला घर नाही, त्याचं काय? तो क्लीन व्हायच्या आधीच मरत होता.

१९९५ साली एल्ड्रेड टेलिस यांनी मुंबईत 'संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट' सुरू केला आणि फुटपाथवर राहणाऱ्या, सुईने नशा करणाऱ्या माणसांपर्यंत तो नेला. अट अशी नव्हतीच. जखमेवर मलमपट्टी करायची, वापरलेली सुई घेऊन नवी द्यायची आणि माणूस तयार झाला की गर्दऐवजी ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी सुरू करायची. 'सुया वाटून नशेला प्रोत्साहन देता का?' हा प्रश्न अशा कामाला हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर सोपं आहे : सुई मिळाली नाही म्हणून आजवर कोणी नशा सोडलेली नाही. लोक फक्त दुसऱ्याची सुई वापरतात.

ब्युप्रेनॉर्फिन देण्याची पद्धत बघण्यासारखी असते. गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत कर्मचाऱ्यासमोर बसून राहायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. पोरं सुरुवातीला चिडतात. पण त्या रोजच्या काही मिनिटांत एक मोठं काम होतं. टर्की येत नाही, म्हणून पुडीसाठी धावावं लागत नाही, चोरी करावी लागत नाही. रोज एकाच खिडकीवर येणाऱ्या माणसाचा खोकला कोणाच्या तरी लक्षात येतो आणि क्षयाची तपासणी होते. त्याच ओळखीवर एचआयव्हीची चाचणी होते. सुईतूनही पसरणाऱ्या हिपॅटायटिस सी ची तपासणीही होते. त्यावर सरकारी कार्यक्रमातून २०१८ पासून मोफत औषध मिळतं.

रात्री नऊची गोळी

एड्सचं औषध मुंबईच्या सामान्य माणसाच्या आवाक्यात कसं आलं, तो या वाटेवरचा सगळ्यात मोठा पल्ला. २००१ साली मुंबईच्याच सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. तोवर पाश्चात्त्य देशांत यासाठी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर मोजावे लागत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा हा औषधोपचार, मोफत सुरू केला. देशात आरंभी निवडलेल्या मोजक्या रुग्णालयांत जे. जे. होतं. आज माहीमच्या माणसाला शीव किंवा केईएम जवळ पडतं.

टोल मात्र इथेही होता. नशा करणारा गोळ्या वेळेवर घेणार नाही, असं सर्रास गृहीत धरलं जाई आणि 'आधी क्लीन होऊन ये' असं सांगून त्याला परत पाठवलं जाई. रक्तातल्या सीडीफोर या प्रतिकारपेशींचा आकडा २०० च्या खाली आल्यावरच औषध, असा तेव्हा नियम होता. मग तो आकडा ३५० झाला, ५०० झाला आणि २०१७ पासून आकडा न बघता निदान झालं की उपचार असं धोरण आलं.

सुरुवातीची औषधं कडक होती. स्टॅव्हुडिनने गाल बसत, तळपायांना मुंग्या येत. 'औषधाने तोंडावर लिहून ठेवलंय' असं वाटावं इतके चेहरे बदलत. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिन्हींची मिळून रोज एकच गोळी असते. सोबत क्षय असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी. केंद्रावर समुपदेशक डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. दोन जास्त निघाल्या तर कोणत्या दोन रात्री चुकल्या, यावर बोलणं होतं.

व्यसनातून बाहेर आलेल्याला हे बोलणं नवं नसतं. 'फक्त आजचा दिवस' हे त्याने बारा पायऱ्यांच्या मीटिंगमध्ये हजारदा ऐकलेलं असतं. आयुष्यभर दारू पिणार नाही, अशी शपथ तो घेत नाही. आज नाही, एवढंच म्हणतो. आयुष्यभर गोळी घ्यायची आहे, हा विचार माणसाला दडपून टाकतो. आज रात्री नऊला घ्यायची आहे, हे जमतं. गर्दने त्याला घड्याळाशी बांधलं होतं, तीच सवय आता दुसऱ्या बाजूने कामी येते.

गोळी नियमित घेतली की रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी होतो आणि मग लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झालं आहे. लग्न होऊ शकतं, औषधं आणि देखरेख असली की मूल निरोगी जन्मू शकतं, वय वाढतं तसं रक्तदाब-मधुमेहाचीही काळजी करता येते. वीस वर्षांपूर्वी एड्सच्या वॉर्डमध्ये 'म्हातारपण' हा शब्द कोणी काढत नसे.

कागदावरचा आधार

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक कामगार 'एमएक्स' या नावाने उभा राहिला. एचआयव्ही आढळल्यामुळे त्याचं काम गेलं होतं. काम करायला तो सक्षम असेल तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला आणि खरं नाव न सांगता दाद मागण्याची मुभाही दिली. त्याची बाजू मांडणाऱ्या लॉयर्स कलेक्टिव्हने पुढे एचआयव्हीविषयक कायद्याचा मसुदा तयार केला. तो २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. आणखी एक कलम कमी लोकांना माहीत आहे : एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी सुया बदलून देण्यासारखं काम हा गुन्हा ठरणार नाही.

टोल सगळा उठलेला नाही. निदान कळल्यावर चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं आजही आहेत आणि 'एकदा गर्दुल्ला तो कायमचा गर्दुल्ला' म्हणणारे शेजारीही. बुधवारी संध्याकाळी कॉजवेवर बसेस, टॅक्स्या खोळंबलेल्या असतात. त्यांतून कोणी नोव्हेनाहून येत असतो, कोणी मीटिंगला निघालेला असतो, कोणाच्या खिशात महिन्याची डबी असते. कोण कुठून आला आणि कशासाठी पलीकडे चालला, हे विचारायची सोय अवाबाईंनी या रस्त्यावर ठेवलीच नाही.