मिठाचा रेणू कुठे गेला?

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरी कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या आरंभी कोपरगावच्या रानांत आले. ऊस पिकू लागला. पण जिथे पाण्याचा निचरा झाला नाही तिथल्या काळ्या जमिनीत क्षार वर येऊन पांढरा थर धरू लागला, आणि जिथे सोडिअम साचला ती जमीन चोपण झाली. जिप्सम टाका, चर काढा, हा उपाय आपल्या विद्यार्थ्यांच्या घरीही ठाऊक असतो. जिप्सममधला कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतो, असे आपण सांगतो. जागा घेतो म्हणजे काय करतो?

‘आयन’ हा शब्द फॅरडेने १८३४ मध्ये रूढ केला. मीठ पाण्यात विरघळताच, वीज न सोडताही, त्याचे आयन सुटे होतात असे १८८७ मध्ये अऱ्हेनियसने मांडले. या विचाराची सुरुवात असलेल्या त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळाले! कोरड्या मिठात मात्र सोडिअम-क्लोरीनच्या जोड्या, म्हणजे रेणूच असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती.

१९१३ मध्ये तेवीस वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. प्रत्येक सोडिअमभोवती सारख्याच अंतरावर सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम. कोणाची जोडी कोणाशी, हे सांगताच येईना. रेणू हरवला तो कायमचा. हेन्री आर्मस्ट्राँग या नामवंत रसायनशास्त्रज्ञाला हे इतके खटकले की १९२७ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मिठाची टर उडवली. त्यांना हसण्याआधी आपल्या वर्गातला फळा पाहावा. तिथे आजही एक सोडिअम, एक क्लोरीन आणि मधे एक बाण असतो.

त्या बाणाचा जनक म्हणजे १९१६ चा कोसेल. धातूचा अणू इलेक्ट्रॉन गमावून आणि अधातूचा अणू तो घेऊन निष्क्रिय वायूसारखी रचना मिळवतो, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण देवघेव म्हणजे बंध नव्हे. हिशेब पाहा. वायुरूप सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीन तो घेताना सुमारे ३४९ परत देतो. म्हणजे व्यवहार तोट्याचा. सोडिअम ‘उदारपणे’ इलेक्ट्रॉन देतो, हे वाक्य इथेच कोसळते. नफा होतो तो पुढे: सुटे वायुरूप आयन स्फटिकात रचले जाताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. १९१९ मध्ये बॉर्न आणि हाबर यांनी हा जमाखर्च मांडला. बंध म्हणजे हे आकर्षण, आणि ते सर्व बाजूंच्या विरुद्ध प्रभारांमध्ये असते. एका जोडीपुरते नसते.

आता चोपण रानाकडे वळू. चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो. त्याला चिकटलेला सोडिअम कोणा एका जोडीदाराचा बांधील नसतो. दुहेरी प्रभाराचा कॅल्शिअम आयन आला की सोडिअम सुटतो, मातीचे कण पुन्हा एकमेकांना धरतात आणि पाणी मुरू लागते. सुटलेला सोडिअम जिप्सममधल्या सल्फेटच्या सोबतीने पाण्यात असतो, तेही सुटे आयन म्हणूनच. चर नसेल, तर तो त्याच रानात राहतो.