वेठ, हुकूम आणि मायबाप

राजकीय शब्दांचे भाषांतर हा आपल्याकडे विद्वानांचा प्रांत मानला गेला. परिभाषा कोश त्यांनीच रचले आणि रचताना एक डोळा इंग्रजीवर, दुसरा संस्कृतवर ठेवला. ज्यांच्या पाठीवर सत्ता प्रत्यक्ष चालली त्यांच्या तोंडी कोणते शब्द होते, हे विचारण्याची गरज त्यांना फारशी वाटली नाही. मी बोईसरला इतिहास शिकवतो. हौसेने रशियनही शिकलो आहे. जुलमाची परिभाषा इंग्रजी आणि रशियन यांच्यामध्ये जिथे अडखळते, तिथे तलासरी-डहाणू-पालघर पट्ट्यातली मराठी पुष्कळदा सहज चालून जाते, असे मला दिसत आले आहे. यात मिरवण्यासारखे काही नाही. त्यामागचा इतिहास लाजिरवाणा आहे.

झारच्या सत्तेला रशियनमध्ये 'समोदेर्झाविये' म्हणत. 'समो' म्हणजे स्वतः, 'देर्झात' म्हणजे धरून ठेवणे. हा शब्द आणि इंग्रजीतला 'ऑटोक्रसी' ही एकाच ग्रीक आईची लेकरे. तेव्हा इथे भाषांतरकाराला कष्ट नाहीत. आपण 'निरंकुश सत्ता' म्हणतो, म्हणजे अंकुश नसलेला हत्ती. प्रतिमा चांगली आहे, पण ती माहुताच्या बाजूने पाहणाऱ्याची आहे. जो हत्तीच्या पायाखाली आहे त्याला अंकुशाची चर्चा सुचत नाही.

खरी अडचण खालच्या शब्दांपाशी येते. रशियन भूदासाला जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे, त्याला 'बार्शिना' म्हणत. १७९७ साली झार पावेलने जाहीरनामा काढून रविवारी काम घेण्यास मनाई केली आणि उरलेल्या सहा दिवसांपैकी तीन दिवस जमीनदाराचे, तीन भूदासाचे अशी वाटणी सुचवली. इंग्रजीत याला एक तर 'कॉर्व्ही' हा फ्रेंचांकडून उसना घेतलेला शब्द वापरतात, जो सामान्य इंग्रजी वाचकाला कळत नाही. नाही तर 'फोर्स्ड लेबर', ज्यात तुरुंगातली सक्तमजुरीही बसते. मराठीत दोनच अक्षरे पुरतात : वेठ. महारकीच्या वतनातला माणूस हा शब्द जाणत होता आणि डहाणूचा वारलीही जाणत होता. वारल्यांत तर 'लग्नगडी' होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरचे गडी झाले. फिटेल तेव्हा फिटेल, आणि बहुधा ते फिटतच नसे. १८६१ साली रशियातील भूदास मुक्त झाले, पण जमिनीची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनी भरायची, या अटीवर. मुक्तीचेही हप्ते! लग्नगड्याला हे रशियन गणित कोणी शिकवायला नको होते.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर ज्या विचाराने आले होते, तो जर्मनमधून रशियनमध्ये, तिथून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा लांबचा फेरा करून आला होता. पाड्यावर 'सरंजामशाही' समजावत बसण्याचे कारण नव्हते. वेठ हा शब्द होताच. त्याला फक्त 'नाही' जोडायचे होते. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी मारले गेले. 'नाही' या शब्दाची किंमत ही अशी वसूल झाली.

गोदावरीबाईंनी १९७० साली या लढ्यावर पुस्तक लिहिले, 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७५ च्या इंग्रजी आवृत्तीला नाव मिळाले 'आदिवासीज रिव्होल्ट'. नाव खोटे नाही. पण मराठीतला 'माणूस' इंग्रजीत 'आदिवासी' झाला आणि 'जागे होणे' याचे 'बंड' झाले. बंड हा सत्तेच्या दप्तरातला शब्द आहे. माणूस असल्याची जाणीव होणे ही त्याआधीची आणि त्याहून मोठी घटना. आपल्या लेखकांची पुस्तके परभाषेत जातात तेव्हा हेच होते का, हे आपण तपासायला हवे.

रशियन शेतकरी राजाला 'त्सार-बातुश्का' म्हणे, झारबाप. जुलूम करतो तो कारभारी. झारला कळले तर तो न्याय देईल, ही भाबडी श्रद्धा त्या शब्दात आहे. इंग्रजीत 'लिटल फादर' असे भाषांतर करतात आणि ते हास्यास्पद होते. आपल्याकडे 'मायबाप सरकार' आहे. जोहार घालणाऱ्याच्या तोंडून तो निघाला आणि अर्जांच्या मायन्यात जाऊन बसला. तसाच 'प्रोइझ्वोल' : कायद्याला न जुमानता लहर लागेल तशी चालवलेली सत्ता. इंग्रजीत त्याला दोन-तीन शब्द जोडावे लागतात. मराठीत 'मनमानी' आहे.

आता 'हुकूमशाही'. हुकूम अरबी, शाही फारसी. मूळचा रोमन डिक्टेटर संकटकाळी कायद्याने नेमला जाई, तोही सहा महिन्यांपुरता. 'श्रमिकांची हुकूमशाही' या मार्क्सवादी कल्पनेतही तात्पुरतेपणाचे आश्वासन आहे. मराठीत आल्यावर ते आश्वासन गळून पडते, कारण ज्याने पिढ्यान्पिढ्या हुकूम झेलले त्याच्या अनुभवात हुकुमाला मुदत नसते. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत नेमके याच जागी बोट ठेवले. ही हुकूमशाही किती काळ आणि तिच्यानंतर काय, या प्रश्नाला कम्युनिस्टांकडे समाधानकारक उत्तर नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या 'कुल्त लीच्नोस्ती'चा पंचनामा केला होता. मराठीत त्याला 'व्यक्तिपूजा' किंवा 'व्यक्तिस्तोम' म्हणतात. पण विभूतिपूजेविरुद्धचा इशारा बाबासाहेबांनी १९४३ च्या पुण्यातील रानडे व्याख्यानात दिला होता आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले होते. आम्हाला हा विचार मॉस्कोहून आयात करावा लागला नाही. तो आम्ही कितपत पाळला, हे आमच्या जयंतीच्या फलकांवर कोणाचे फोटो किती मोठे असतात ते पाहून ठरवावे.

बोईसर-तारापूरला सत्तेचा आणखी एक शब्दसंग्रह आहे. १९६९ साली इथे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. 'सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन संपादित करण्यात येत आहे' या वाक्यात कर्ताच नाही. हुकूम आहे, पण हुकूम देणारा सापडत नाही. उठलेल्यांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणायचे, जणू ग्रहण लागले होते. 'टोटॅलिटेरियन'ला मराठीत 'सर्वंकष' म्हणतात. संस्कृतात त्याचा अर्थ सगळे खरवडून काढणारा. तोच शब्द 'सर्वंकष विकास' म्हणून भाषणांत कौतुकाने वापरला जातो, याची मौज वाटते.

आणि आणीबाणी. २५ जून १९७५ नंतर हा अडचणीच्या वेळेचा साधा घरगुती शब्द राजवटीचे नाव बनला. मात्र याच काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये, वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. नागरिकांचे हक्क गुंडाळणाऱ्या सत्तेने लग्नगड्याचे कर्ज कागदावर रद्द केले. आणीबाणीवरच्या पांढरपेशा लिखाणात हे क्वचितच येते; ते सांगितले म्हणून आणीबाणीचे समर्थन होत नाही. कायद्याचे मराठी नाव मात्र 'वेठबिगार' शब्दावर उभे राहिले. त्याच्या पंधराव्या कलमाने, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. ऐंशीच्या दशकात वसई आणि आसपासच्या तालुक्यांत श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवायला सुरुवात केली, ती याच कायद्याचा आधार घेऊन. म्हणजे कायदा होऊन वर्षे लोटली तरी वेठ चालूच होती.