कपातीच्या यादीत पहिले नाव कुणाचे? अमेरिकेतल्या शाळांच्या अंदाजपत्रकाचा आपण न वाचलेला इतिहास

अमेरिकेत शाळांच्या खर्चावर वाद पेटला की एक आकडा हमखास पुढे केला जातो. १९५० च्या सुमारास तिथल्या सरकारी शाळांतल्या दर शंभर कर्मचाऱ्यांपैकी सत्तर जण शिक्षक होते. आज ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आले आहे. मग उरलेले कोण? 'ऑफिसात बसून पगार खाणारे' हे उत्तर ठरलेले. ऑफिस रिकामे करा, पैसा वर्गात न्या, असे म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात. आपल्याकडेही प्रशासकीय खर्च कमी करण्याची भाषा सुरू झाली की आपलेच काही कार्यकर्ते मान डोलावतात. म्हणून हा लेख.

आकडा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. त्या उरलेल्या निम्म्यात बस चालवणारे आहेत, दुपारचे जेवण रांधणारे आहेत, परिचारिका, समुपदेशक, सफाई कामगार आणि वर्गातले मदतनीस आहेत. १९६५ च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेत घेणे बंधनकारक झाले. त्याआधी अशा लाखो मुलांना शाळा सरळ दारातून परत पाठवत होत्या. ही मुले आत आली, म्हणून माणसे वाढली. वरच्या कचेरीतले अधिकारी एकूण कर्मचाऱ्यांत शेकडा दोन-तीनच्या पुढे फारसे जात नाहीत. अर्थात नोकरशाहीची वकिली करायला आम्ही बसलेलो नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. खुर्च्या कमी करायची वेळ जेव्हा जेव्हा आली, तेव्हा कुणाची खुर्ची गेली?

त्याआधी तिथली रचना थोडी समजून घेऊ. 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. तो फक्त शाळांपुरता आखलेला प्रदेश, कधी एका शहराएवढा, तर कधी चार वाड्यांएवढा. असे तेरा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट आज आहेत. प्रत्येकाचे स्वतःचे बोर्ड असते, बहुतेक ठिकाणी निवडून आलेले. हे बोर्ड अंदाजपत्रक मंजूर करते, सुपरिंटेंडंट नेमते, आणि त्याच्या शिफारशीने मुख्याध्यापक व शिक्षक नेमते. पैशाचा मोठा वाटा राज्याकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो. केंद्राचा वाटा साधारण दहा टक्के, बहुधा त्याहूनही कमी. थोडक्यात, गावात ज्याचे बोर्ड त्याची तिजोरी. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांचा मताधिकार मतदान-कर आणि साक्षरता परीक्षा लावून हिरावून घेतलेला होता. त्यामुळे कर काळ्यांनीही भरायचा आणि तो खर्च कसा करायचा हे गोऱ्यांनी ठरवायचे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच तर मांडले होते. सारा रयत भरते, आणि त्या पैशावर वरच्या वर्गाची पोरे शिकतात.

काटकसरीच्या नावाने शाळा कशी मारायची, याचा धडा जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहराने १८९७ मध्ये घालून दिला. तिथे काळ्या मुलांचे वेअर हायस्कूल होते. बोर्डाने ते बंद केले. कारण दिले पैशाचे. हायस्कूलमध्ये साठेक मुले, प्राथमिक शाळेत जागा न मिळालेली काळी मुले त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा याच इमारतीत आणि याच पैशात प्राथमिक वर्ग चालवू. युक्तिवाद किती दयाळू! गोऱ्या मुलींचे हायस्कूल मात्र चालूच राहिले, गोऱ्या मुलांच्या हायस्कूललाही मदत चालू राहिली. काळे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९९ मध्ये न्यायालयाने बोर्डाची बाजू उचलून धरली आणि तो निकाल लिहिला न्यायमूर्ती हार्लन यांनी. हे तेच हार्लन, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी प्लेसी खटल्यात वंशभेदाविरुद्ध एकट्याने भिन्नमत नोंदवले होते. विषमतेविरुद्ध ठाम उभा राहिलेला माणूसही जमाखर्चाची वही पुढे आली की कसा नरमतो, हे आपल्या तरुणांनी नीट पाहून ठेवावे.

दुसरे उदाहरण व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचे. १९५१ साली तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्यांचा संप घडवला. शाळेच्या गर्दीला उपाय म्हणून काउंटीने डांबरी कागद मारलेल्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. हा लढा पुढे ब्राऊन खटल्यात सामील झाला. १९५४ मध्ये न्यायालयाने वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. एकत्र शाळा चालवण्याचा आदेश टाळता येईना, तेव्हा काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी १९५९ मध्ये शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सर्व सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्यांची मुले नव्या खासगी अकादमीत गेली, काही काळ सरकारी अनुदानाच्या आधाराने. काळ्या मुलांना पाच वर्षे सरकारी शाळा मिळाली नाही. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळा उघडण्यासाठी कर बसवायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तेव्हा कुठे दारे उघडली. कुणी कायदा मोडला नव्हता, कुणी दगड मारला नव्हता. फक्त एका रकान्यात रक्कम लिहिली गेली नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ब्राऊन निकालाची कथा आपल्या शिबिरांत विजयाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण त्या निकालानंतर कचेरीत काय झाले, ते सहसा कुणी सांगत नाही.

वेगळ्या शाळांच्या काळात काळ्यांच्या शाळेचा मुख्याध्यापक हा वस्तीचा कणा असे. शिक्षक निवडताना त्याचा शब्द चाले. बोर्डाकडून जुनी, गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली पुस्तके यायची. मग पालकांकडून वर्गणी काढून ग्रंथालय, वाद्यवृंद, प्रयोगशाळा उभी करायची जबाबदारी त्याची. कुठल्या मुलाला पुढे कॉलेजात पाठवायचे, हे त्याला ठाऊक असायचे. काही मुख्याध्यापक बोर्डासमोर झुकणारेही होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अधिकार चालवणारा काळा माणूस मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसत होता.

शाळा एकत्र झाल्या आणि बोर्डाने हिशेब मांडला. दोन शाळांची एक झाली, मग दोन मुख्याध्यापक कशाला? एक पद अतिरिक्त. बंद झाली किंवा खालच्या वर्गांपुरती उरली ती बहुतेक काळ्यांची शाळा, मग ती इमारत नवी का असेना. राहिला तो गोरा मुख्याध्यापक. काळ्या मुख्याध्यापकाला उपमुख्याध्यापक करून काळ्या मुलांना शिस्त लावण्याचे काम दिले गेले. कुणाला कचेरीत मोठ्या नावाचे पण बिनकामाचे पद मिळाले, कुणाला पुन्हा वर्गावर पाठवले, कुणाला घरी. नॉर्थ कॅरोलिनात १९६३ साली माध्यमिक शाळांचे दोनशेहून अधिक मुख्याध्यापक काळे होते. १९७० मध्ये ते दहाच्याही आत आले. सात वर्षांत! दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे अडतीस हजार काळे शिक्षक आणि प्रशासक नोकरीला मुकले, असा अंदाज अभ्यासक देतात. १९७१ मध्ये सिनेटर मॉन्डेल यांच्या समितीने काळ्या मुख्याध्यापकांच्या विस्थापनावर खास सुनावणी घेतली. तोवर घर जळून गेले होते.

मिसूरी राज्यातल्या मोबर्लीचा खटला तर वाचण्यासारखा आहे. शाळा एकत्र झाल्यावर बोर्डाने जास्तीची माणसे कमी केली. काळ्यांच्या शाळेत अकरा शिक्षक होते. अकराही गेले. गोऱ्यांच्या बरोबरीने तुलना करून, पात्रता पाहूनच निवड केली, असे बोर्डाने सांगितले आणि १९५९ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ते मान्य केले. दक्षिणेत अनेक ठिकाणी शिक्षकांच्या राष्ट्रीय परीक्षेतले किमान गुण ठरवून हेच साधले गेले. 'मेरिट' हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ज्याची नोकरी वाचवायची त्याचा अनुभव मोजायचा, आणि ज्याला काढायचे त्याचे गुण.

काळे लोक गप्प बसले नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या हाइड काउंटीत आपल्या दोन जुन्या शाळा बंद होऊ नयेत म्हणून १९६८-६९ चे अख्खे वर्ष काळ्या पालकांनी मुलांना शाळेत पाठवले नाही. त्यांना एकत्र शाळा हव्या होत्या, पण आपल्या शाळा, आपले शिक्षक आणि आपला मान यांची किंमत देऊन नको होत्या. त्या शाळा वाचल्या. १९६९-७० च्या सिंगलटन खटल्यात न्यायालयाने नियम घातला, की एकत्रीकरणामुळे माणसे कमी करायची असतील तर वस्तुनिष्ठ निकष आधी लेखी ठरवा, आणि काढलेल्या माणसाची जागा दुसऱ्या वंशाच्या माणसाने भरण्याआधी त्याला संधी द्या. नियम चांगला होता, पण पंधरा वर्षे उशिरा आला.

बाबासाहेब आपल्याला माऱ्याच्या जागा पकडायला सांगत होते, ते यासाठीच. वर्गाचे दार उघडले. पण कुणाला निलंबित करायचे, कुणावर 'मंदबुद्धी' शिक्का मारून वेगळ्या वर्गात बसवायचे, हे ठरवणारी खुर्ची परक्या हातात गेली. पुढच्या दशकात या दोन्ही कारवायांत काळी मुले त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त सापडली आणि त्यावरून पुन्हा कोर्टकचेऱ्या झाल्या.

पैशाचे काय? टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचा हिशेब बघा, १९६७-६८ चा. एजवूड डिस्ट्रिक्टमध्ये बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे गरीब लोक. तिथे मालमत्ता कराचा दर शंभर डॉलरला १.०५ डॉलर, आणि त्यातून राज्याच्या निधीखेरीज दर मुलामागे जमायचे २६ डॉलर. शेजारच्या श्रीमंत, गोऱ्या अलामो हाइट्समध्ये दर ०.८५ डॉलर, आणि जमायचे ३३३. ज्यांनी जास्त दराने कर भरला त्यांच्या हाती कमी आले, कारण त्यांच्या घरांना किंमतच नव्हती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे घटनाबाह्य नाही असे ठरवले. आधार काय, तर 'स्थानिक नियंत्रण'. ब्राऊन खटला लढलेले थर्गुड मार्शल तेव्हा न्यायमूर्ती होते. त्यांनी कडक भिन्नमत लिहिले.

स्थानिक नियंत्रण हा शब्द गोड लागतो. गावगाड्याचे खरे रूप घटना समितीत मांडणाऱ्या माणसाचे अनुयायी म्हणून आपण त्याला भुलू नये. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे द्यायला सुरुवात झाली. १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बहिष्कृत हितकारिणी सभेने या हस्तांतराला विरोध केला. बोर्डावर बसणार कोण, हे सभेला ठाऊक होते. त्याआधी १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या आठच दिवस आधी, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, ही त्यांची मागणी होती. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखवले. तळ्याच्या पाण्यासाठी चालायला निघालेला माणूस त्याच महिन्यात आण्या-पैचा हिशेब मांडत होता. आपण महाड दरवर्षी साजरे करतो; त्या भाषणातला हिशेब किती जणांनी वाचला आहे?

अमेरिकेतली गोष्ट १९७० मध्ये संपली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कॅटरिना वादळानंतर सात हजारांहून अधिक शालेय कर्मचाऱ्यांना काढून टाकले गेले, त्यांतले बहुसंख्य काळे. शिकागोने २०१३ मध्ये तुटीचे आणि रिकाम्या बाकांचे कारण देऊन पन्नासेक शाळा बंद केल्या; त्या शाळांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास मुले काळी होती.

रिकामे बाक, कमी पट, अतिरिक्त पद. हे शब्द आपल्या जिल्हा परिषदेतही रोज उच्चारले जातात. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचे ठरवले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' पुढे आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद. कमी पटाच्या शाळा कुठे आहेत? वस्तीवर, पाड्यावर, तांड्यावर. म्हणजे जिथे मुलांसाठी भांडणारा माणूस सर्वात जास्त लागतो, तिथेच त्याचे पद नाही.

अंदाजपत्रकाचे दिवस मार्चमध्ये येतात, जयंतीच्या तयारीच्या ऐन धामधुमीत. तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने या वर्षी दोन जण या कामाला मोकळे ठेवावेत. माहिती अधिकारात चार कागद मागा: जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे मंजूर आणि प्रत्यक्ष खर्चाचे विवरण, आपल्या तालुक्याची शाळानिहाय संचमान्यता, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांच्या रिक्त पदांची यादी, आणि या पदांची बिंदुनामावली. समायोजनात बंद झालेल्या शाळांची यादी मिळाली, तर त्या कुठल्या वस्तीतल्या होत्या हे गावात जाऊन विचारा. कागदावर ते लिहिलेले नसते.